मडमेच्या झाडाची म्हातारी

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, मग हसा. कारण या गोष्टीत हसू मध्येच कुठं अडकेल, ते माझं मलाही अजून सांगता येत नाही. माझ्या सख्ख्या आत्याला मी जिवंतपणी मारलं, मंडळी! विष नाही, सुरी नाही. एका वाक्यानं! आणि ते वाक्यसुद्धा तिच्याबद्दल नव्हतंच. ते होतं एका झाडाच्या बियांबद्दल.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

तेव्हा जर्मनांशी पहिली मोठी लढाई चालू होती. मी लोणावळ्याला मराठी शाळेत मास्तर. आमचं गाव तिकोना किल्ल्याच्या पायथ्याला, घरी भातशेती. खानदानात पहिला शिकलेला मीच, त्यामुळे घराण्यातली सगळी अक्कल माझ्याच वाट्याला आली आहे, असा माझा पक्का समज! शाळा सुटली की एका बंगल्यावर एका मडमेला मराठी शिकवायला जायचो.

त्या बंगल्यामागं एक काचेची खोली होती आणि खोलीत मडमेची झाडं. ब्रोमेलियाड म्हणायची ती त्यांना. दिसायला अननसाचं भावंड, पण रुबाब काय विचारता! पानांचा द्रोण झालेला, द्रोणात पाणी साचलेलं आणि मधून तांबडाभडक तुरा निघालेला. आणि मातीत नव्हतं हो! लाकडाच्या ओंडक्यावर, शेवाळात मुळं रोवून बसलेलं.

मी विचारलं, "बाई, मग हे खातं काय?"

"हवा," मडम म्हणाली, "आणि पाणी."

म्हटलं, हे तर मराठी शाळेच्या मास्तराच्याच जातीचं झाड! त्याच दिवशी माझं त्याच्यावर मन बसलं.

त्या हिवाळ्यात मडमेचा एकुलता एक मुलगा लढाईत पडला. आठवडाभर तिनं मला बोलावलं नाही. मग बोलावलं ते निरोप घ्यायलाच. विलायतेला परत निघाली होती. काचेच्या खोलीत नेऊन तिनं एक वाळकी शेंग माझ्या हातावर ठेवली आणि मी शिकवलेल्या मराठीत म्हणाली, "हे झाड फार हळू आहे, मास्तर. फूल यायला मूल मोठं होण्याइतका वेळ लागतो. तू पण हळू राहा."

कुणाचा उपदेश मी इतका कमी पाळला नसेल!

घरी येऊन शेंग उकलली, तर आत नुसतं रेशीम. एकेका बारीक बीला पांढऱ्या तंतूंचा झुबका. रुईच्या बोंडातून म्हातारी उडते ना, पोरं फुंकर मारून तिच्यामागं पळतात, हुबेहूब तशी. आता ब्रोमेलियाड हा शब्द आमच्या घरात कुणाच्या तोंडी बसणार? पहिल्याच दिवशी नाव पडलं, म्हातारी. "म्हातारी कुठं ठेवली?" "म्हातारीला पाणी घातलं का?" असं आमचं बोलणं चालायचं.

आणि घरात खरीखुरी म्हातारी होतीच. माझी सोनाआत्या, आमच्या गावातच दिलेली.

आत्याचं आणि तिच्या मुलाचं, रखमाजीचं, बिनसलं होतं. कशावरून? तर एका बैलावरून! रखमाजीनं म्हातारा बैल बाजारात विकला. आत्या म्हणाली, "आज बैल इकलास, उद्या मला इकशील." तो म्हणाला, "तुला घेनार कोन?" झालं! गाठोडं बांधून आत्या तडक माझ्याकडं लोणावळ्याला. जाताना तो ओरडला होता, "मेलीस तरी तोंड बघाया यायचा न्हाई म्या." दोघंही एका माळेचे मणी. दोन वर्षं बोलणं नाही, भेट नाही. माझ्या घरी मात्र आत्या सुखात होती. निदान मला तसं वाटायचं. गावाकडचा बाबू गाडीवान कोळसा घेऊन बाजाराला आला की ती काही ना काही निमित्तानं अंगणात जायची आणि इकडचं तिकडचं विचारून परत यायची. मुलाचं नाव मात्र काढायची नाही.

बी पेरायचं म्हणजे पेरायचंच नसतं, फक्त वर ठेवायचं. मातीचा पसरट परळ घेतला. त्यात कोळशाचे तुकडे, वर उकळून घेतलेलं शेवाळ, त्यावर बी नुसतं पसरलं. पावसाचं पाणी रांजणात धरलेलं होतं, तेच शिंपडायचं. भिंतीवरच्या तसबिरीची काच काढून झाकण केलं. लोणावळ्याचा गारठा बाधू नये म्हणून परळ चुलीशेजारच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करून. आणि तिथं राखणीला आत्या! ती बोटं बुडवून असं अलगद पाणी शिंपडायची की एखाद्या बाळाला न्हाऊ घालतेय.

एक दिवस काचेखाली हिरवे ठिपके दिसले. मोहरीच्या दाण्याएवढे.

"सद्या," आत्या म्हणाली, "ही शेवाळी धरली म्हनायची का प्वारं झाली?"

"पोरं झाली आत्या! अख्ख्या मावळात पहिली!"

मी नाचायचाच बाकी होतो. अर्धं बी अजून कागदाच्या पुडीत होतं. ठरवलं, आता दुसरा परळ करायचा.

इकडं बाजारात उंदीर पडायला लागले होते.

तुम्हाला त्या दिवसांची कल्पना नाही. उंदीर पडला की गल्ली रिकामी. लोक गाडग्या-मडक्यांसकट माळावर झोपड्या घालून राहायला जायचे. शाळेला कुलूप लागलं. आमच्या आळीत दिवे कमी कमी होत गेले. दोन घरं सोडून पलीकडचा शिंपी सकाळी कापड बेतत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच कापडात गेला.

बायको, यमुना, रोज विचारायची, "आपण कधी निघायचं?"

मी म्हणायचो, "जरा थांब. माळावरचा गारठा रोपांना सोसायचा नाही."

"आणि माणसांना हा प्लेग सोसेल?"

मास्तराकडं उत्तर नसलं की तो काय करतो? दुसरा विषय काढतो! तसंच केलं. त्यात आत्याला पडसं झालं, खोकला लागला, ती चुलीजवळच्या खोलीतून बाहेर येईना. मला आणखी एक सबब मिळाली.

अन् तो दिवस उगवला. सकाळी दुसरा परळ तयार करून मी पुडी उलगडली. उजेड नीट हवा म्हणून खिडकी उघडली, आणि हवा खेळावी म्हणून समोरचं दारही उघडलं. किती शहाणा! घाटाकडून एक झुळूक आली, खिडकीतून आत शिरली आणि पुडीतली सगळी म्हातारी उचलून दारातून घेऊन गेली! मी तसाच बोडका, हात पसरून अंगणात धावलो. पांढरे झुबके कौलांवरून वर वर निघालेले. एक हाताला लागेल तर शपथ!

नेमकी तेव्हाच रस्त्यावर बाबूची कोळशाची गाडी उभी. प्लेगच्या भीतीनं तो हल्ली अंगणात पाय ठेवत नसे, लांबूनच बोलायचा.

"काय झालं मास्तर? असं का पळताय?"

मी कपाळ बडवलं. "बाबू, म्हातारी गेली रे!"

"आँ? कवा?"

"आत्ता! डोळ्यांदेखत! वारं लागलं आणि गेली."

"आरं द्येवा! मागल्या बाजाराला तर बरी व्हती न्हवं?"

"बरी म्हणजे? अरे, जिवापाड जपली होती. बंद खोलीत ठेवली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता."

बाबू दोन पावलं मागं सरला. "बंद खोलीत? कुनाला हात लावू दिला न्हाई?"

"नाही ना! पण आता काय उपयोग? माझंच चुकलं. तू मात्र गावभर करू नकोस हं."

त्यानं हात जोडले. मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले. कोळसा न उतरवता त्यानं बैल वळवले. आणि मी काय म्हणालो असेन मनात? म्हणालो, वा! काय मन आहे या माणसाचं! झाडाच्या चार बिया उडाल्या तर याच्या डोळ्यांत पाणी!

हसा, हसा. अजून हसण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात एकदम आकांत उठला. धावत बाहेर आलो, तर रखमाजी! डोकं तुळतुळीत, मिशी सफाचट. शेजारी त्याची बायको ऊर बडवतेय. मागं आमचे दोन चुलतभाऊ. प्लेगाचं प्रेत कोण थांबवून ठेवतो, काल दहन झालंच असणार, असं धरून पठ्ठ्या नदीवर डोकं करूनच निघाला होता.

मी हिशेब करतोय. याची आई माझ्या घरात. बाप कधीच गेलेला. बायको ही समोर, चांगली खणखणीत रडतेय. मग डोकं कुणासाठी केलं यानं?

मी विचारलं, "रखमा, कोण गेलं रे?"

रखमाजी रडायचा थांबला. तोंड उघडं. "दादा, मलाच इचारतोस?" आणि धाडकन उंबऱ्यावर कोसळला. "आये! म्या तुला वाऱ्यावर सोडली गं! बैल इकला तवा तू दोन दिस जेवली न्हाईस, अन् म्या तुझ्या म्होरं बसून जेवलो! दोन साल तुज्या हातचं खाल्लं न्हाई, आये! घरात भाकरी हाय पन ग्वाड लागत न्हाई!"

आता मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाठीमागं काठी वाजली. घोंगडी पांघरून आत्या दारात उभी. किती वेळ उभी होती, देव जाणे. सुनेनं तिला पाहिलं आणि रडणं गिळलं. चुलतभाऊ फाटकापर्यंत मागं गेले. रखमाजीनं मान वर केली, आणि त्याचा आवाजच बंद झाला.

आत्या म्हणाली, "थांबलास का? बोल की म्होरं."

रखमाजीनं डोळे चोळले.

"बोल म्हनते ना. जित्तेपनी आईकाया मिळतंय कुनाला!"

रखमाजी गुडघ्यांवर सरकत तिच्या पायांशी गेला. तो आकांत मी जन्मात विसरणार नाही. आधीचा मेलेल्या आईसाठी होता, हा जिवंत आईसाठी. दुसराच मोठा होता.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं! पण समोरच्या घरातल्या माणसानं सगळं पाहिलं होतं. मुंडण केलेला मुलगा, आकांत, बंद खोल्या. प्लेगाचं मढं दडवलं, अशी वर्दी तो केव्हाच देऊन आला होता. तासाभरात बंदोबस्ताची माणसं हजर. फिनेलचे डबे, चुन्याच्या बादल्या, शिड्या.

त्यांचा मुकादम नाकाला फडकं लावून म्हणाला, "प्रेत कुठंय?"

आत्या म्हणाली, "म्याच त्ये."

मी पुढं झालो. "साहेब, ही म्हातारी नव्हे. झाडाची म्हातारी गेली! उडून गेली!"

तो आपल्या माणसाला म्हणाला, "याचंही अंग बघ रे. ताप डोक्यात चढलेला दिसतोय."

माझं अंग गार होतं. आत्याचं मात्र कढत निघालं. पडशाचा ताप! पण त्या दिवसांत ताप म्हणजे तापच. आम्हा सगळ्यांना, पाहुण्यांसकट, गावाबाहेरच्या छपरात नेऊन ठेवायचा हुकूम झाला. आमच्या डोळ्यांसमोर घरावरची कौलं उतरवली, भिंती चुन्यानं थापल्या, जमिनीवर फिनेल ओतलं. ज्या घराच्या उबेपायी मी माळावर जायला तयार नव्हतो, त्या घराला आता छप्परच नव्हतं.

छपरं कसली, बांबूच्या तट्ट्या. घाटावरून वारा सुटला की एका तट्टीतून शिरून दुसरीतून निघायचा. शेजारच्या छपरात खरे रोगी. तिकडून कण्हणं यायचं, मग एकाएकी थांबायचं, मग बायकांचं रडणं यायचं. आमच्यापैकी कुणाला गाठ आली नाही. रोज काखा-जांघा चाचपून बघायचो, एकमेकांकडं बघायचो नाही.

आणि आत्यानं घोंगडीखालून काय काढावं? परळ! फिनेलवाल्यांच्या नाकाखालून पोटाशी धरून आणलेला! त्या गारठ्यात तिनं तो कुशीत घेतला. रखमाजी तिच्या पायांना शेक देत बसायचा.

"त्यो बैल कुटं हाय रं आता?" तिनं एकदा विचारलं.

"उर्श्याला हाय. ज्यानं घ्येतला त्यो चांगला ठिवतोय. म्या जातो कवाकवा बघाया."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलं न्हाईस."

आत्यानं घोंगडीचं टोक त्याच्या खांद्यावर ओढलं. दोन वर्षं मी आत्याला दूध-भात घातला, औषधपाणी केलं. तिच्या चेहऱ्यावर आता जे समाधान होतं, ते मला कधी आणता आलं नव्हतं.

खोकला छातीत उतरला. मी त्या दिवशी बाबूला म्हणालो होतो, वारं लागलं आणि गेली. वारं आता लागत होतं, मंडळी, आणि लावलं होतं मी. एका सकाळी ऊन तट्टीवर आलं तेव्हा आत्यानं मला जवळ बोलावलं. श्वास पुरत नव्हता. डोळे मात्र मिस्कील.

"सद्या, ह्या खेपंला बाबूला नीट सांग हां."

रखमाजीच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली.

बाजारच्या रस्त्यावर लांब उभा राहून मी बाबूला हाक मारली. पहाऱ्यावरच्या माणसानं तेवढ्यापुरतं सोडलं होतं. म्हटलं, "बाबू, आत्या वारली. माझी सोनाआत्या. रखमाजीची आई. खरंच वारली."

बाबूनं बैलांचा कासरा आवळला. मग म्हणाला, "बास की मास्तर! गाव येकडाव रडलंय. म्हातारी जित्ती हाय कळल्यावर लोकान्नी मलाच जोड्यानं मारायचं बाकी ठिवलं व्हतं. आता न्हाई म्या निरोप नेनार."

"अरे, देवाशपथ!"

"त्या दिशीबी तुमी कपाळ बडवलं व्हतं."

आणि गेला की हो गाडी हाकून! गावातून कुणी आलं नाही. खांद्याला आम्ही चौघंच, मी, रखमाजी आणि छपरात अडकलेले दोन चुलतभाऊ. विधीला न्हावी आणला, तर तो रखमाजीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "पाटील, क्यास हायती कुटं काढाया?" नुसता वस्तरा टेकवला आणि सोडलं. माझ्या तोंडून हुंदका निघाला की हसू, मला सांगता येत नाही. रखमाजीनं वळून पाहिलं. त्याच्याही तोंडावर तेच.

पुढं गावाला गेलो तेव्हा तिथीचा वाद निघाला. जाणती माणसं म्हणाली, आमी जवा रडलो त्योच दिस खरा. आता आमच्या गावात आत्याची तिथी कुठली पाळतात? मी चुकून सांगितलेली!

परळ रखमाजीनं मागून घेतला. आईची शेवटची वस्तू. मी नाही कसा म्हणणार? हवेवर जगणारी ती रोपं त्यानं मायेनं खाचराच्या बांधावर, चांगलं काळंभोर शेणखत घालून लावली. आठवड्यात कुजली.

एकदा बांधावर तंबाखू मळत म्हणाला, "दादा, तुजी आय आजारी हाय आसा सांगावा आला असता ना, तर म्या आलो नसतो. मेली म्हनल्यावर आलो. म्हंजे म्या कसला मानूस आसंन?"

दुसरा विषय काढायचं धाडस मात्र त्या दिवशी झालं नाही.

आता मला म्हणाल, मास्तर, लोकांनी तुम्हाला माफ केलं का? केलं की! फक्त माझ्या तोंडच्या बातमीवर भरवसा ठेवायचा नाही, एवढंच गावानं ठरवलं. अहो, परवा-परवा आमच्या थोरलीचं लग्न तळेगावच्या एका मुलाशी ठरलं. मोठ्या हौसेनं गावाला निरोप धाडला. तर रखमाजी स्वतः आला. वऱ्हाडाची बोलणी नाही, आहेराचं नाही. सरळ तळेगावला मुलाच्या घरी गेला. त्याला उजेडात उभा केला, चार पावलं चालवला, नाडीला हात लावून बघितलं. मग व्याह्यांसमोर, भरल्या बैठकीत, गावाकडच्या मंडळींना मोठ्यांदा म्हणाला,

"व्हय, नवरा हाय! आन् जित्ता हाय! आता खावा लाडू."